कोरडे दाजी

आमचे दाजी पुण्यात होते तेव्हा मे महिन्यातही अंघोळीला कढत पाणी घ्यायचे. दिवाळीला चढलेली कानटोपी होळीला उतरायची. नोकरीसाठी ऍबर्डीनला गेले आणि बुडालेल्या जहाजांच्या नादी लागले. आता दर मे महिन्यात ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोमध्ये बुड्या मारतात. तिथलं पाणी असतं 8-9 अंश.

"पण अंगाला लागतं कुठे?" दाजी म्हणतात. खरंच, ड्रायसूटमध्ये पाणी शिरत नाही. आत लोकरीचे दोन थर, कमरेला शिसं, पाठीवर दोन सिलिंडर. हा साज चढवायला अर्धा तास लागतो. पाठीवरची चेन ताई ओढते आणि चेन बसली की दाजींना हटकून लघवीला लागते. पाण्यात काय ती मिशी भिजते. मिशीमुळे मास्क गळतो. पण दाजी मिशी काढत नाहीत, तिला व्हॅसलीन चोपडतात.

खाली आहे कैसरचं आरमार. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी इथे 74 जर्मन जहाजं अडकवून ठेवली होती. 21 जून 1919 रोजी रिअर ॲडमिरल फॉन रॉयटरच्या हुकमावरून खलाशांनीच झडपा उघडल्या. 52 जहाजं तळाशी गेली. पुढे बहुतेक भंगारवाल्यांनी वर काढली. मोठी अशी सात उरली.

दाजींची लाडकी 'मार्कग्राफ' 45 मीटरवर पालथी पडली आहे. लांबी 175 मीटर. टॉर्चच्या उजेडात दाजींना एका वेळी दिसतं पाच-सात मीटर, तेही बरंचसं बूड. वीस-पंचवीस मिनिटं पाहायचं, मग रक्तातला नायट्रोजन निघून जावा म्हणून थांबत थांबत वर यायचं. बोटीवर चढले की दाजी बोलू लागतात, ते पुढच्या मे महिन्यापर्यंत.

जेवताना तर विचारूच नका. आमटीची वाटी भरलेली आहे हे विसरून ते ती ताटात पालथी घालतात. "ही मार्कग्राफ. आणि हा मी," म्हणून आमटीत अंगठा बुडवतात. ताई न बोलता फडकं आणते.

गेल्या डिसेंबरात दाजी पुण्याला आले होते. सकाळी वीज गेली, गीझर बंद. दाजींनी बादलीत एक बोट घातलं, बाहेर काढलं आणि त्या दिवशी अंघोळ केली नाही.