गाडी सायडिंगला

अमेरिकेतल्या घरांना तळघर असतं आणि घरातल्या माणसांना कुठल्या साली कसला झटका आला होता, याची सगळी नोंद तिथं खाली ठेवलेली असते. माझ्या धाकट्या बहिणीच्या तळघरात पाव भाजायचं यंत्र आहे, जागच्या जागी होडी वल्हवायचं यंत्र आहे, दोन तारा तुटलेली गिटार आहे आणि एका खोक्यात जांभळे स्केट्स आहेत. एका रांगेत चार चाकं असतात ना, तसले.

"हे कुणाचे गं?"

"माझेच. राहू दे ते, तुला झेपायचं नाही."

झालं! मी उभी हयात बँकेत कर्जं देण्यात, म्हणजे मुख्यतः नाकारण्यात घालवली. कुणाला काय झेपेल हे ठरवायचा अधिकार माझा होता, माझ्याबद्दल ते ठरवायचा अधिकार मी कुणाला दिल्याचं आठवत नाही. शिवाय आमच्या दोघींच्या पायाचं माप एकच आहे.

पुण्याहून आमच्या ह्यांचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न, "विम्यात बसतं का?" मग त्यांनी प्रवासविम्याची बारीक अक्षरं मला मोठ्यानं वाचून दाखवली. बंजी जंपिंग वगळलेलं, पॅराग्लायडिंग वगळलेलं, खोल समुद्रात बुडी मारणं वगळलेलं. स्केटिंगचं नावच नव्हतं.

"नाव नाही म्हणजे चालतं," मी म्हणाले.

"नाव नाही म्हणजे या वयात कुणी असलं काही करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही," हे म्हणाले आणि पॉलिसीचा नंबर माझ्याकडून पाठ करून घेतला.

बॉस्टनच्या वायव्येला मिनटमन बाइकवे नावाची डांबरी वाट आहे. बेडफर्ड गावापासून निघून लेक्सिंग्टन, आर्लिंग्टन करत ती केंब्रिजच्या एलवाइफ मेट्रो स्टेशनाशी संपते. सुमारे सोळा किलोमीटर. मोटारींना मज्जाव. सायकली, पायी चालणारे, बाबागाड्या, कुत्री आणि स्केट्सवाले या सगळ्यांची मिळून ती एक वाट. ऑक्टोबरात तिच्या दोन्ही बाजूंची मेपल आणि ओकची झाडं असे काही रंग काढतात की माणसानं वर बघत चालावं. स्केट्सवाल्यानं मात्र खाली बघायचं असतं, कारण ते सगळे रंग यथावकाश खाली येतात.

भाचीनं मला चिलखत चढवलं. डोक्याला हेल्मेट, मनगटांना पट्टे, कोपरांना आणि गुडघ्यांना वाट्या. "मावशी, पडायचंच असलं तर पुढे पड. गुडघ्यांवर." ज्या गुडघ्यांपायी मी सत्यनारायणालाही खुर्चीवर बसते, त्यांच्यावर! ब्रेकचा धडा त्याहून छोटा होता. ब्रेक एकच, उजव्या टाचेला, रबराचा गोळा. उजवा पाय पुढे सरकवायचा, चवडा वर उचलायचा आणि टाच दाबायची.

"आणि नाही लागला तर?"

"गवतात शिर."

स्केट्सच्या इतिहासातच हा ब्रेकचा घोळ आहे. १७६० च्या सुमाराला लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा यंत्रकुशल कारागीर चाकं लावलेले जोडे घालून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत अवतरला, अशी हकिकत सांगतात. चालणं झकास जमलं, वाजवणंही जमलं. थांबायचं आणि वळायचं तेवढं राहून गेलं होतं. तो थेट भिंतीवरच्या पाचशे पौंडांच्या आरशात घुसला. आरसा गेला, व्हायोलिन गेलं, तोही चांगला जखमी झाला. एवढं होऊनही पुढच्यांनी ब्रेक लावला तो टाचेला, आणि तोही एकाच.

आम्ही लेक्सिंग्टनला सुरुवात केली. तिथल्या हिरवळीवर १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इंग्रजांशी अमेरिकनांची पहिली चकमक झाली, पहिली गोळी कुणी झाडली ते अजून नक्की ठरलेलं नाही. प्रेक्षणीय स्थळ संपलं.

सपाटीवर मी चालू लागले. खरं तर बरी चालू लागले, हे बहिणीच्या चेहऱ्यावरूनही कळत होतं. अडचण आली ती भाषेची. इथं उजवीकडून जायचं असतं आणि मागून येणारा ओलांडून जाताना ओरडतो, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डावीकडून जातोय, तुम्ही आहात तिथंच राहा. पण ज्या बाईनं जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं वळण पाळलं, तिच्या कानावर 'लेफ्ट' पडलं की ती इमानेइतबारे डावीकडे सरकते. मी सरकत होते. प्रत्येक सायकलवाल्याच्या बरोबर पुढ्यात. ते लोक करकचून ब्रेक दाबायचे आणि वर "सॉरी" म्हणायचे. मला याचाच राग येतो. आपली चूक नसताना इतक्या गोडीनं माफी मागणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि भांडण झाल्याशिवाय मला हायसं वाटत नाही.

ग्रेट मेडोज नावाची पाणथळ जागा मागे गेली. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो दिसतो, असं भाची सांगत होती. मेपलचा लाल रंग मात्र झाड त्या दिवसांत मुद्दाम नव्यानं बनवतं. निवृत्तीच्या तोंडावर नवा खर्च काढणारं हे झाड मला एकदम जवळचं वाटलं. मी त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि तेवढ्यात वाट उतरणीला लागली.

ही उतरण डोळ्यांना दिसत नाही, फक्त चाकांना कळते. लेक्सिंग्टन उंचावर आहे आणि आर्लिंग्टन खाली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही कुणाला वाटली नव्हती, कारण पायी चालणाऱ्याला ते जाणवतच नाही. आधी छान वारा लागला. मग जास्त छान लागला. मग डोळ्यांत पाणी आलं. भाचीचा आवाज मागे पडला, "मावशी, टाच!" मी उजवा पाय पुढे घातला, चवडा उचलला, टाच दाबली. सकाळी पाऊस होऊन गेला होता आणि वाटेवर ओल्या पानांचा थर होता. रबर पानांवर बसलं, पानं डांबरावरून सरकली, पानांवर मी सरकले. टाच दाबलेली, चवडा वर, ऐटीत उभी आणि वेग तोच. वर ओकची टणक बोंडं जागोजाग पडलेली. एखादं चाकाखाली आलं की अख्खं शरीर दातांपर्यंत हादरत होतं.

गवतात शिरायचं ठरवलं, तर उजवीकडे लाकडी कुंपण. डावीकडे गवत होतं, पण तिकडून समोरच्या सायकली येत होत्या. मग मला कंठ फुटला. एरवी माझं इंग्रजी बरं आहे, इंग्रज अमदानीतल्या छापाची पत्रं मी झोपेत लिहीन. पण उतारावर माणूस खऱ्या भाषेत ओरडतो.

"अहो सरका! सरका बाजूला! ब्रेक लागत नाहीये!"

अमेरिकेनं हसून हात हलवला. एका बाईनं "गुड जॉब!" म्हटलं.

आणि पुढे वाटेच्या कडेनं, पाठमोरे, हात मागे बांधून, निळी कानटोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ चालले होते, ते गर्रकन वळले. बाजूला होणं दूरच, त्यांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले, तळवे माझ्याकडे. थांबा! मी काय थांबते! तसे ते एक पाऊल मागे सरले, कुंपण जिथं संपत होतं तिथं नेमके उभे राहिले, मी शेजारून जाताना मनगटाचा पट्टा पकडला आणि मला गर्रकन गवताच्या चढावर वळवून सोडून दिलं. मी चढावर गेले, मंद झाले, थांबले, मागे घरंगळू लागले आणि शेवटी भाचीच्या शिकवणीप्रमाणे गुडघ्यांवर आले.

"मराठी का तुम्ही?" वरून प्रश्न आला.

"हो."

"कुठल्या?"

"मूळची सांगलीची. काका, जरा हात देता का?"

"देतो. आधी श्वास घ्या." ते स्वतःच शेजारी गवतात बसले. इगतपुरीचे. मेल गाड्यांचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर मुलानं इकडे आणलं. "घाटात गाडी उतरताना काटा कायम कॅच सायडिंगचाच लावलेला असतो बाई. गाडीनं आधी थांबून दाखवायचं. थांबली, म्हणजे ब्रेक ठीक, मग मेन लाइन मिळते. नाही थांबली, तर सरळ सायडिंगला, चढावर. तुमची गाडी सुटलेली दिसली, सायडिंगला घेतली."

"पानांवर ब्रेक लागेना हो."

"लागेल कसा? ओलं पान चाकाखाली चिरडलं की त्याचा बुळबुळीत लेप होतो. रुळांवरसुद्धा तेच. इंजिनाला वाळूची पेटी असते, चाक घसरायला लागलं की पुढ्यात वाळू सोडायची. तुमच्याकडे वाळू कुठाय?"

उतार फार आहे, असं मी म्हणाले तर त्यांना ते लागलंच. कसारा घाटात सदतीस फुटांना एक फूट उतार असतो म्हणे, १८६५ पासून गाड्या तो उतरताहेत. "हा काय उतार आहे? याला आम्ही सपाट म्हणतो. मुळात रेल्वेनंच बांधलाय हा." तेव्हा मला कळलं की ही वाट म्हणजे रूळ काढलेला लोहमार्ग आहे. लेक्सिंग्टनला १८४६ साली गाडी आली. १९७७ च्या जानेवारीत हिमवादळात ती बंद पडली आणि उतारूंची गाडी पुन्हा काही सुरू झाली नाही. १९९२-९३ मध्ये त्या जागी डांबर आलं. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, घट्ट वळण चालत नाही, म्हणून तर माझ्यासारखीला इथं चाकांवर उभं राहता येतं. काका रोज जेवण झाल्यावर येतात आणि गँगमनच्या थाटात ठरावीक टप्पा पायी तपासतात. मोऱ्या कुठं आहेत, पाणी कुठं तुंबतं, सगळं त्यांना पाठ. "रूळ नेले, पण रुळांखालचं फॉर्मेशन चांगलं राखलंय," हे त्यांचं प्रमाणपत्र.

मला एकदम आपल्याकडची शकुंतला आठवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर, छोट्या रुळांची ती गाडी, १९९४ पर्यंत वाफेवर धावली. आता बंद पडून आहे. मी उत्साहानं म्हणाले, "काका, तिथं अशी वाट केली तर? पोरं पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांना वळसे घालत स्केटिंग शिकतात हो!"

त्यांनी माझ्याकडे कर्ज नाकारायच्या नजरेनं बघितलं. ती नजर मी ओळखते.

"इथल्या लोकांकडे मोटारी होत्या, म्हणून त्यांनी गाडी जाऊ दिली. तिथले लोक अजून गाडी मागताहेत. त्यांच्या दारातले रूळ काढून तुम्ही चाकं फिरवणार?"

मी गप्प बसले. बहीण आणि भाची धापा टाकत पोचल्या. मी हातीपायी धड आहे म्हटल्यावर बहीण आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी स्केट्स काढायला घेतले. काका घड्याळ बघत होते. "निघायलाच हवं का लगेच?" ते म्हणाले. "नातू पाचला येतो. मराठी समजतं त्याला, बोलत नाही. मुलगा-सून सहानंतर." जरा थांबून म्हणाले, "दुपारी बोलायला म्हणून कुणी नसतं. तुम्ही ओरडलात ना, सरका बाजूला, तर मला आधी वाटलं माझ्याच डोक्यात आवाज येतोय."

मग आम्ही लगेच निघालो नाही. मोजे घालून मी गवतात बसले आणि सांगलीत आता कृष्णेला पूर किती येतो इथपासून निवृत्तिवेतनाच्या फरकापर्यंत सगळं बोलून झालं. फरकाच्या बाबतीत त्यांचं गणित चुकीचं होतं आणि मी ते जागच्या जागी दुरुस्त करून दिलं. कडाडून वाद झाला. फार बरं वाटलं.

तुमचं कुणी बॉस्टनला असेल आणि शरदात तुमचं तिकडे जाणं झालं, तर एलवाइफकडून सुरुवात करा, म्हणजे आधी चढ लागतो आणि चढावर कुणाची गाडी सुटत नाही. पाऊस होऊन गेला असेल तर चाकं घरी ठेवून चालत जा. लेक्सिंग्टनहून परत एलवाइफला यायला ६२ नंबरची बस आहे. आणि आर्लिंग्टनच्या वरच्या अंगाला निळी कानटोपी दिसली, तर खणखणीत मराठीत हाक मारा. काकांना पाचपर्यंत वेळ असतो.