अंगोला सुधारत चाललाय, हाय हाय!

युद्धातून उठलेला एखादा देश कितपत सावरलाय हे कळायला जागतिक बँकेचे तक्ते चाळावे लागत नाहीत. तिथून ट्रकने जाऊन आलेला एखादा साहसी पर्यटक गाठावा आणि नुसतं ‘कसा झाला प्रवास?’ एवढं विचारावं. चिखलात रुतलेली चाकं, बंदूक टेकवून सिगारेट मागणारा शिपाई, चार दिवस न मिळालेली अंघोळ हे सगळं तो डोळे मोठे करकरून सांगायला लागला, की समजावं, त्या देशाचं अजून काही खरं नाही. उलट त्याचा चेहरा पडलेला असेल आणि ‘बराचसा रस्ता डांबरीच निघाला हो’ असं तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, तर तिथल्या जनतेचं अभिनंदन करायला हरकत नाही. पर्यटकाची निराशा हा विकासाचा निर्देशांक अर्थशास्त्राच्या पुस्तकांत अजून आलेला नाही. पण अंगोलाला तो इतका चोख लागू पडतो, की आज ना उद्या कोणीतरी त्यावर पीएचडी करेल.

ज्या प्रवासाबद्दल हे चाललंय त्याला ‘ओव्हरलँड’ म्हणतात. आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये पैसे भरले की सकाळच्या चहापासून रात्रीच्या मुगाच्या खिचडीपर्यंत सगळं कोणीतरी हातात आणून देतं. ओव्हरलँडमध्ये पैसे भरले की काम मिळतं. साठ-सत्तरच्या दशकात काही ब्रिटिश मंडळींनी लष्कराने मोडीत काढलेले बेडफर्ड ट्रक घेतले, मागे बाकडी ठोकली आणि सहारा ओलांडून थेट नैरोबी किंवा जोहान्सबर्गपर्यंत माणसं न्यायला सुरुवात केली. आजचे ट्रक बरेच सुधारलेले असतात, पण धर्म तोच. वीसेक अनोळखी माणसं, एक ड्रायव्हर, तंबू, घड्या घालायच्या खुर्च्या, वाळूत चाक फसलं तर खाली सरकवायच्या लोखंडी पट्ट्या, आणि फावडं. फावड्याचे उपयोग दोन. एक चाकासाठी, दुसरा सकाळी. शिवाय प्रत्येकाने सुरुवातीला रोख भरायची एक सामायिक थैली असते. तिच्यातून बटाटे, पाव आणि डिझेल येतं, आणि तिच्यावरून भांडणंही होतात. स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात. धुतलेली ताटं फडक्याने पुसायची नाहीत, कारण फडक्यात जंतू; म्हणून ती हातात धरून हवेत हलवत वाळवायची. लंडनमध्ये ज्याने स्वतःची कपबशी कधी विसळली नाही तो मनुष्य आफ्रिकेच्या माळरानावर दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन पंख फडफडवतो, आणि यासाठी त्याने वर्षभराची शिल्लक मोजलेली असते.

आता अशा ट्रकला अंगोलाच का हवा? केनिया, टांझानिया, नामिबिया आहेत की. पण तिथे सिंहापेक्षा सिंहाचे फोटो काढणारे जास्त. अंगोलाकडे एक दांडगं भांडवल होतं: तिथे कोणी जात नसे. न जाण्याची कारणंही सबळ होती. 11 नोव्हेंबर 1975 रोजी पोर्तुगीज गेले, त्याआधीच एमपीएलए आणि युनिता या दोन सशस्त्र संघटना एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. पहिलीच्या मागे क्यूबाचं सैन्य आणि सोव्हिएत शस्त्रं, दुसरीच्या मागे दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका. दुसऱ्यांच्या शीतयुद्धाची ऊब या लोकांनी 27 वर्षं सोसली. 22 फेब्रुवारी 2002 रोजी युनिताचा नेता जोनास साविंबी मारला गेला आणि सहा आठवड्यांत, 4 एप्रिलला, शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. तोपर्यंत पाच लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे, आणि सुमारे चाळीस लाख घरादाराला मुकली. गोव्याच्या वाचकाला इथे एक जुनं नातं आठवेल. 1961 च्या फेब्रुवारीत अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात, पोर्तुगीजांविरुद्ध उठाव झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोव्यातून पोर्तुगीजांना जावं लागलं. एकच हुकूमशहा सालाझार, एकच वर्ष. गोव्यातला हिशेब दोन दिवसांत मिटला, अंगोलाचा मिटायला चाळीस वर्षांहून जास्त लागली. साहसाच्या जाहिरातीत हा इतिहास ‘अस्पर्शित’ या एका विशेषणात बसवलेला असतो. आता या देशाला कोणाकोणाचा स्पर्श झालाय हे जाहिरात लिहिणाऱ्याला एकदा बसवून सांगितलं पाहिजे.

तर या अस्पर्शित देशाने शांतता झाल्यापासून एकामागून एक विश्वासघात सुरू केले. पहिला व्हिसाचा. युद्धानंतर कित्येक वर्षं अंगोलाचा व्हिसा मिळवणं हीच एक मोहीम होती. जमिनीवरून येणाऱ्यांच्या हातावर बहुधा पाच दिवसांचा ट्रान्झिट व्हिसा टेकवला जाई, आणि काँगोच्या सीमेपासून नामिबियाच्या सीमेपर्यंत जवळपास दोन हजार किलोमीटर पाच दिवसांत कापायचे असत. त्या धावपळीत देश दिसत नसे, पण गोष्ट फार छान तयार होई. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने नव्वदाहून अधिक देशांच्या पर्यटकांना व्हिसाच माफ करून टाकला, तीस दिवस राहा म्हणाले. त्या यादीत भारतही आहे. म्हणजे कधीकाळी वकिलातीच्या दारात आठवडा काढलेल्या वीराचा पराक्रम आता पुण्यातले कोणीही निवृत्त दांपत्य पासपोर्ट दाखवून करू शकतं. दुसरा विश्वासघात रस्त्यांचा आणि रुळांचा. लोबितो बंदरापासून काँगोच्या सीमेवरच्या लुआउपर्यंत जाणारी 1,344 किलोमीटरची बेंगेला रेल्वे एका स्कॉटिश उद्योजकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतली होती. युद्धात तिचे पूल उडाले, रुळांभोवती सुरुंग पेरले गेले. चिनी कंपन्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि 2024 च्या डिसेंबरात तर अमेरिकेचे अध्यक्ष बायडन जातीने लोबितोला येऊन गेले, कारण काँगोचं तांबं याच वाटेने समुद्राला लागतं. अध्यक्ष येतो तिथे रस्ता झाडला जातो. साहसी माणसाने मग जायचं कुठे?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सुरुंग काय गंमत आहे का? अजिबात नाही. आणि पुरावा म्हणून हुआंबो शहर बघण्यासारखं आहे. 1997 च्या जानेवारीत प्रिन्सेस डायना छातीला चिलखत आणि तोंडावर पारदर्शक मुखवटा लावून तिथल्या सुरुंगक्षेत्रातून चालली. तो फोटो जगभर छापून आला, आणि त्याच वर्षी सुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. 2019 मध्ये तिचा मुलगा हॅरी त्याच जागी गेला तेव्हा तिथे घरांनी भरलेला वाहता रस्ता होता. तिथे आज पाय उडण्यापेक्षा मोटरसायकलचा धक्का लागण्याची भीती जास्त. अर्थात सगळा देश अजून साफ झालेला नाही. कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या ग्रामीण भागात अजून आहेत, आणि गुडघ्यांवर बसून एकेक वीत जमीन तपासणारी माणसं आजही काम करताहेत. 2017 पासून या कामात खास स्त्रियांची पथकंही उभी राहिली. पण पर्यटकाला सुरुंगापासून जपणारा नियम अगदी साधा आहे: वहिवाटीचा रस्ता सोडायचा नाही. म्हणजे त्याने साहस जेवढं कमी करावं तेवढं सुरक्षित. याचा एक परिणाम जाहिरातीत छापत नाहीत. इतर देशांत ट्रक थांबला की मंडळी फावडं घेऊन वेगवेगळ्या झुडपांमागे पांगतात. शंकास्पद जमिनीत झुडपामागे जायचं नसतं. वीस माणसं, एक डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना सपाट माळ. एका दिशेला स्त्रिया, दुसरीकडे पुरुष, मध्ये ट्रक आणि सगळ्यांचं आकाशाकडे लक्ष. युद्धाने अंगोलाच्या लोकांकडून काय काय हिरावलं याची यादी लांब आहे. पर्यटकाकडून त्याने एक झुडूप तेवढं घेतलं.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. देश सावरत जातो तसतसं साहस रस्त्यावरून उठून ट्रकच्या आत येऊन बसतं. बाहेरचा धोका जेवढा ओसरतो तेवढा आतला उघडा पडतो, आणि आतला धोका म्हणजे भाड्याने घेतलेलं एकत्र कुटुंब. सगळं तेच असतं. खिडकीची जागा पहिल्या दिवशी पकडून ती वडिलोपार्जित असल्यासारखी सांभाळणारा एक असतो. सामायिक पैशांतून बिअर का आली, मी तर पीत नाही, असं म्हणणारा असतो, आणि पिऊनही तेच म्हणणारा असतो. कांदा बारीक चिरावा की मोठा यावर दोन देशांचे संबंध बिघडतात. शाकाहारी माणसासाठी वेगळं पातेलं हा तर असा प्रश्न, की त्यापुढे क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला तह सोपा वाटावा. फरक एकच: खऱ्या एकत्र कुटुंबात रुसून माहेरी जाता येतं. मालांजेच्या पुढे, कालांदुलाच्या 105 मीटर उंच धबधब्यासमोर भांडण झालं तर माहेर सात हजार किलोमीटरवर असतं. त्या धबधब्यापुढे उभं राहून निम्मा ट्रक तुषार बघतो, निम्मा ट्रक काल पातेलं कोणी घासलं नाही याचा विचार करतो. लुबांगोजवळचा तुंदावालाचा कडा हजारभर मीटर खाली तुटतो. तिथे उभं राहिल्यावर काही प्रवाशांच्या मनात सहप्रवाशांविषयी जे विचार येतात ते लिहिण्याजोगे नसतात.

कोणी म्हणेल, चेष्टा पुरे, पण या ट्रकमुळे गरीब देशाला चार पैसे मिळतात ना? हा आक्षेप गंभीर आहे म्हणून हिशेब मांडूनच बघू. ट्रकवाले राहतात तंबूत, जेवतात स्वतःच्या हातचं. बाजारातून टोमॅटो, कांदे, पाव, आंबे घेतात. विकणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळतात, हे खरं आणि चांगलंच. पण ट्रकचा सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. अंगोला तेलावर जगणारा देश. सरकारने इंधन वर्षानुवर्षं अनुदानावर शेजारी देशांपेक्षा पुष्कळ स्वस्त ठेवलं. ते अनुदान देशाला इतकं जड झालं, की 2023 मध्ये पेट्रोल लीटरमागे 160 क्वांझांवरून 300 वर न्यावं लागलं, आणि लोक रस्त्यावर उतरले. अशा देशात शिरल्यावर जाणते ओव्हरलँडवाले पहिलं काम काय करतात, तर असतील नसतील तेवढ्या टाक्या भरून घेतात. म्हणजे टोमॅटोत जे दिलं ते डिझेलात वळतं झालं. बाकी राहता राहिलं हॉटेल. त्याबाबत पर्यटकाचीही बाजू ऐकली पाहिजे. तेलाच्या पैशाने लुआंडा इतकं चढलं, की 2017 मध्ये परदेशी नोकरदारांसाठीचं जगातलं सर्वांत महाग शहर म्हणून त्याचं नाव पहिलं आलं. युद्धाने होरपळलेल्या देशाला मदत करायला निघालेल्या माणसाला तिथली खोली परवडत नसे. म्हणून या शूरांचा तळ वर्षानुवर्षं कुठे पडत असे, तर समुद्रकाठच्या एका नौकाविहार क्लबच्या पार्किंगमध्ये. एका बाजूला धनिकांच्या नौका, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळत घातलेले साहसी मोजे.

मग ट्रक सोडून स्थानिक लोकांबरोबर त्यांच्या निळ्या-पांढऱ्या मिनीबसमधून, म्हणजे कांदोंगेइरोतून, एकट्याने का जाऊ नये? तेच खरं साहस, असं सांगणारा एक पंथ आहे. या पंथाचं मला पटत नाही. कांदोंगेइरोत बसलेल्या बाईला आपण साहस करतोय असं वाटत नसतं. तिला बाजार गाठायचा असतो. तिच्या मांडीला मांडी लावून बसल्याने आपण तिच्यासारखे झालो हा गैरसमज एकट्या प्रवाशाला फार लवकर होतो, आणि तो दूर करायला शेजारी कोणी नसतं. ट्रकचं मोठं पुण्य इथे आहे. वीस जणांसमोर कोणालाही फार काळ धाडसी राहता येत नाही. रात्री बेडूक पाहून कोण किंचाळलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरी परतल्यावर सुरुंगांच्या गोष्टी रंगवायच्या म्हटल्या तरी फोटोत मागे उभा असलेला माणूस खालून लिहितो, की अरे, तो तर पेट्रोल पंप होता. देशाबद्दल खोटं बोलायला ट्रक जागा ठेवत नाही, आणि अंगोलासारख्या देशाचं बाहेरच्यांनी रंगवून सांगितलेल्या गोष्टींनी पुरेसं नुकसान झालेलं आहे.

बघण्यासारखं मात्र खरंच खूप आहे. काळा, लांब वाकड्या शिंगांचा महाकाय पालांका हरिण फक्त याच देशात सापडतो. युद्धात तो संपला असंच सगळे धरून चालले होते. शांततेनंतर काही वर्षांतच कांगांदालाच्या जंगलात लपवलेल्या कॅमेऱ्यांत तो जिवंत दिसला. त्याला बघायला गेलेल्या बहुतेकांना तो दिसत नाही. सत्तावीस वर्षं माणसांपासून लपून राहिलेल्या प्राण्याने ट्रकचा आवाज ऐकून बाहेर यावं ही अपेक्षाच चुकीची. त्यापेक्षा विमानतळावर सरकारी विमान कंपनीच्या शेपटीवर बघून घ्यावा. तिथे तो हमखास असतो. जायचं तर मे ते सप्टेंबर या कोरड्या, थंड दिवसांत जावं. ट्रकमध्ये मागच्या चाकांच्याही मागची सीट घेऊ नये, कारण डांबर कितीही झालं तरी खड्डे अजून शिल्लक आहेत आणि ते सगळे तिथेच जमा होतात. आणि आपल्याला कांदे झटपट चिरता येतात, हे निदान लुआंडा येईपर्यंत कोणाला कळू देऊ नये.