आटे जुळेनात

बारा वर्षांच्या उन्हाने आणि घामाने आमच्या गाडीच्या गिअरचा नॉब चिकट झाला होता. त्यावरचे एक ते पाच आकडे कधीच पुसले गेले. रिव्हर्सचा ‘आर’ तेवढा शिल्लक होता. पन्नाशीच्या माणसाने हे रोज मुठीत धरून ऑफिसला जाणं बरं नव्हे.

"मी स्वतः बदलतो," मी जाहीर केलं.

"आधी वरणाच्या पातेल्याच्या झाकणाची मूठ बसवा," ही म्हणाली. "दिवाळीपासून सांडशीने उचलतेय."

मोठ्या कामाच्या वेळी घरात असं बारीकसारीक निघतंच.

नॉब घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला की निघतो, एवढं मला ठाऊक होतं. नॉबला नव्हतं. ओला रुमाल झाला, सुका झाला, शेवटी भांडी घासायचा रबरी हातमोजा घातला. नॉब सुटला तेव्हा माझं कोपर हॉर्नवर आपटलं आणि वॉचमनने धावत जाऊन गेट उघडलं.

नाना पेठेत दुकानदाराने विचारलं, "किती एमएम?"

"मुठीत मावेल एवढा."

त्याने दयेने पाहिलं. मग कळलं, की होंडाचा दांडा बहुधा १० मिमीचा, आटे दीड मिमीवर; टोयोटाचा १२ चा, आटे सव्वावर. दांडा जुळला तरी आटे जुळतीलच असं नाही. त्यापेक्षा छत्तीस गुणांची पत्रिका सोपी. "जुना आणलाय?" जुना घरी होता. मी अंदाजाने १० चा स्टीलचा नॉब घेतला. वजनदार नॉबने गिअर लोण्यासारखा पडतो म्हणे.

आमचा दांडा निघाला ८ चा. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप दांड्याला गुंडाळून मी नॉब बसवला. स्वारगेटच्या सिग्नलला पहिला टाकला. गिअर पडला की नाही ते कळलं नाही, नॉब मात्र हातात आला. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या शिक्षणाची चौकशी केली.

दुसऱ्या खेपेला ८ चा आणला. घट्ट बसला, पण आडवा! नकाशाप्रमाणे पहिला गिअर हिच्या सीटकडे. सरळ करावा तर सैल, आवळावा तर तिरका. शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्याने नॉब सरळ धरला, खालून चेकनट आवळला. दोन मिनिटांचं काम. "काका, एवढ्यासाठी दोन रविवार?" एवढंच म्हणाला.

घरी आलो तर पातेल्याच्या झाकणावर माझा जुना नॉब!

"बोल्ट कुठे मिळाला?"

"कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये. नॉब सोबत नेला होता, त्याने मापाचा दिला. बारा रुपये."

तो ‘आर’ झाकणावर अजून स्पष्ट दिसतो. वरणाची चव घ्यायला मी पळी घेऊन पुढे झालो, की ही नुसतं त्याच्याकडे बोट दाखवते. मी मागे येतो.