झेड-झीरोची मीमांसा: बोईसर संप्रदाय

मिलिंग मशीनवर कटर बदलला की त्याची उंची नव्याने ठरवावी लागते, हे ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी हे प्रकरण नाही. त्याने जॉब वाइसमध्ये बांधावा, सहाचा एण्डमिल काढून वीसचा लावावा आणि जुन्याच आकड्यावर टेबल वर घ्यावे. पुढचे ज्ञान त्याला कटर देईल.

बाकीच्यांसाठी विषयाची हद्द सांगतो. आमचा अभ्यास बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या त्या गाळ्यांपुरता आहे, जिथे एक एमवनटीआर मिलिंग मशीन, एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हार घातलेला एक गणपती असतो, आणि आजूबाजूच्या केमिकल कारखान्यांतून पंपाचे शाफ्ट, कपलिंग, ग्लँड असले दुखणेकरी दाखल होत असतात. बोईसर ज्यात येते तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. संप्रदाय त्याहून जुना आहे. तेव्हा जुन्या चलानांवर तो 'जि. ठाणे' असा आढळला तर ते दोन भिन्न संप्रदाय मानू नयेत. सीएनसीवाले आमच्या कक्षेबाहेर. ते टूलची उंची ऑफसेटच्या पानावर एकदा भरतात, प्रोग्रॅममध्ये जी ४३ लिहितात आणि चहाला जातात. जिथे शंका नाही तिथे शास्त्र कसले?

प्रथम साधनविचार. डीआरओ म्हणजे टेबलाच्या कडेला बसवलेली काचेची पट्टी, तिच्यावर आखलेल्या बारीक रेघा, आणि त्या रेघा उजेडात मोजणारा एक डोळा. नेहमीच्या पट्टीत दोन रेघांमधले अंतर २० मायक्रॉन असते. आतले इलेक्ट्रॉनिक्स त्याचे चार भाग करते आणि आकडे दाखवणाऱ्या डबीवर ५ मायक्रॉनचा टप्पा दिसतो. त्यामुळे अशा डीआरओवर शेवटचा अंक ० तरी असतो किंवा ५ तरी. १, २, ३, ४ हे अंक तिसऱ्या दशांशस्थानी बोईसरात आढळत नाहीत. ड्रॉइंगवर १२.३४३ लिहिणाऱ्या डिझायनरला हे कळवण्याचे सर्व प्रयत्न आजवर वाया गेले आहेत.

आता मुख्य गोष्ट. यंत्र फक्त रेघा मोजते. कुठून मोजायच्या ते त्याला माहीत नसते. ते माणूस बटण दाबून सांगतो. म्हणजे ज्याच्या आधारावर सगळा जॉब उभा राहतो ते शून्य मशीनमध्ये कुठेही नाही. ते नसणे आहे. आणि नसण्याचा अभ्यास आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेलेला आहे. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात विद्यार्थ्यांसाठी 'तर्कसंग्रह' लिहिला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. त्यात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय यांच्यामागून सातवा पदार्थ येतो अभाव, आणि त्याचे चार प्रकार. ही पोथी बोईसरच्या गाळ्यांत कोणी वाचलेली नाही, तरी पालन अक्षरशः होते.

प्रागभाव म्हणजे वस्तू होण्याआधीचे तिचे नसणे. कटर लावला आहे, टच घ्यायचा बाकी आहे. तेव्हा डबीवर झळकणारा आकडा कशाचाच नसतो. प्रागभावाला सुरुवात नसते, शेवट मात्र असतो, असे शास्त्र सांगते. सकाळपासून मशीनवर बांधून पडलेल्या जॉबकडे पाहून शेठलाही सुरुवातीबद्दल तसेच वाटते. शेवटाबद्दल त्याला खात्री नसते.

अत्यंताभाव, म्हणजे कधीच नसणे, सोपा आहे. गाळ्यात दोनच ॲक्सिसचा डीआरओ घेतलेला असतो. एक्सला पट्टी, वायला पट्टी, झेडला काही नाही. 'झेडला कशाला? हँडलला डायल आहे की!' हे शेठचे वचन आणि त्यावर अपील नाही.

प्रध्वंसाभाव म्हणजे असलेली वस्तू नष्ट झाल्यावरचे नसणे. याला सुरुवात असते, शेवट नसतो. लाइट जाते. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली जिथे सुरू झाले, त्याच्या शेजारच्या वसाहतीत लाइट जाणे हा वेगळा तात्त्विक प्रश्न आहे आणि तो मी दुसऱ्या कोणासाठी ठेवतो. आपला प्रश्न असा, की लाइट आल्यावर डबीवर मघाचाच आकडा परत उमटतो. मग झीरो शाबूत आहे का? होतकरू ऑपरेटर म्हणतो, आहे. नैयायिक म्हणतो, थांब. डबीला जे आठवते ती स्मृती, आणि नैयायिक स्मृतीला प्रमेत धरत नाहीत. यथार्थ अनुभव तेवढीच प्रमा. अंधारात हेल्परने टेबलाचे हँडल धरून अंग टेकले असेल तर पट्टी सरकली, पण डोळा मिटलेला होता. डबी प्रामाणिकपणे खोटे सांगते. यावर उतारा म्हणून बऱ्याच पट्ट्यांवर एक ठरावीक खूण कोरलेली असते. लाइट आल्यावर टेबल तिच्यावरून नेले की यंत्राला आपली जागा ओळखू येते. हीच प्रत्यभिज्ञा: काल पाहिलेला देवदत्त आज बाजारात दिसला आणि ओळखला, तशी. मात्र त्यासाठी कामाला बसण्यापूर्वी ती खूण एकदा ओलांडून ठेवावी लागते, आणि त्या वेळी लाइट असते, म्हणून कोणी ओलांडत नाही.

चौथा अन्योन्याभाव, हा तो नव्हे, याच्याकडे शेवटी येतो. आधी प्रमाणांचा वाद मिटवू, कारण गाळ्यात रक्त त्यावरच आटते.

कटर जॉबला लागला हे कळते कसे? कागदपंथाचे म्हणणे असे: जॉबवर कागद धरावा, कटर फिरता ठेवावा, टेबल सावकाश वर घ्यावे, कटरने कागद ओढला की तो कागदाच्या जाडीइतका वर आहे. हे शुद्ध अनुमान आहे. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखतात, तसे ओढण्यावरून टेकणे. कोणता कागद, यावर पोटपंथ आहेत. सिगारेटचा कागद ०.०२५ मिलिमीटरच्या आसपास, वर्तमानपत्राचा ०.०६ ते ०.०७, झेरॉक्सचा साधा कागद ०.१. सिगारेटपंथी स्वतःला श्रेष्ठ समजतात. बिडी ओढणाऱ्यांनी या शास्त्रात काहीच भर घातलेली नाही. तेंदूचे पान दोन ठिकाणी सारखे नसते. व्यवहारात वापरतात ती डिलिव्हरी चलानाची सर्वांत पातळ प्रत, कारण ती टेबलावरच पडलेली असते आणि तिची मूळ प्रत हरवलेली असते.

पूर्वपक्ष असा, की अनुमान सदोष आहे. कागद तेलाने भिजला असेल तर कटर टेकायच्या आधीच तेल त्याला चिकटवून ओढते. नैयायिकांनी ही पाचर फार पूर्वी ओळखली होती. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्याला ते तापलेला लोखंडी गोळा दाखवत. त्यात अग्नी आहे, धूर नाही, कारण धुराला ओले सरपण लागते. ओलेपणा ही उपाधी. ज्याने रोलिंग मिलमध्ये लालबुंद बिलेट पाहिले आहे त्याला हा दृष्टांत काशीच्या पंडितापेक्षा लवकर पटतो. आमच्या गाळ्यात ओल्या सरपणाची जागा कटिंग ऑइलने घेतली आहे, इतकाच फरक.

पिनपंथ अनुमान टाळतो. मशीन बंद, कटर स्थिर. जॉबवर १० मिलिमीटरची डॉवेल पिन आडवी ठेवायची, कटर तिच्या माथ्याहून थोडा खाली आणायचा, मग टेबल अगदी हळू खाली घेत पिन बोटाने कटरकडे लोटत राहायचे. ज्या क्षणी ती कटरखालून सटकन निघते त्या क्षणी उंची १०.०००. यात कार्बाइडची धार जॉबवर आपटत नाही. कागदाने टच शोधताना ती आपटते, आणि त्या धारेचे पैसे कोणाच्या पगारातून यावर मग वेगळे शास्त्र सुरू होते. डॉवेल पिन नसेल तर १० च्या तुटलेल्या एण्डमिलचा शँक चालतो. तो एच ६ मापात घासलेला, म्हणजे १० पूर्ण किंवा फार तर ९ मायक्रॉन कमी. मेलेल्या कटरने जिवंत कटरची उंची ठरवावी यात काही जणांना अशुभ वाटते. मला काटकसर दिसते. ज्यांच्याकडे ५० मिलिमीटरचा डायलवाला झेड-सेटर आहे, ते प्रत्यक्षवादी. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते तो कपाटात कुलूप लावून ठेवतात.

आता निवाडा. मला हा सारा वाद निरर्थक वाटतो, आणि त्याचे कारण अन्योन्याभावात आहे. कटरची 'स्वतःची' उंची कोणालाच नको असते. एक कटर प्रमुख धरायचा, त्याच्यावर झीरो मारायचा, मग दुसरा लावून तो कुठे टेकतो ते पाहायचे. जो आकडा मिळतो तो दुसऱ्या कटरचे वर्णन नाही. पहिला दुसरा नव्हे, एवढेच तो मिलिमीटरमध्ये सांगतो. दोन्ही वेळा एकच कागद वापरला असेल तर त्याची जाडी वजाबाकीत नाहीशी होते. सिगारेटचा असो, चलानाची पिवळी प्रत असो, लग्नपत्रिका असो, फरक तोच येतो. कागदाची जाडी लागते फक्त एकदाच, प्रमुख कटर जॉबच्या माथ्याला लावताना. कागद मात्र मध्येच बदलू नये. पहिल्या कटरला वर्तमानपत्र आणि दुसऱ्याला झेरॉक्स वापरणाऱ्याला शास्त्राने अद्याप नाव दिलेले नाही. शेठने दिले आहे.

ऋतुमानाचा आक्षेप इथे काढतात, तो थोडक्यात निकालात काढतो. मापनासाठी २० अंश तापमान १९३१ साली जगाने ठरवले तेव्हा बोईसरच्या मे महिन्याला विचारले नव्हते. १०० मिलिमीटर लांब हायस्पीडचा कटर १५ अंश तापला तर सुमारे १७ मायक्रॉन वाढतो, कार्बाइडचा त्याच्या निम्म्याने. सकाळी काढलेला दोघांतला फरक दुपारी पत्र्याखाली आठ-नऊ मायक्रॉनने हलला, तर डबीवर ५ च्या फार तर दोन उड्या दिसतील. खरे दुःख दुसरीकडे आहे.

ते कोलेटमध्ये आहे. प्रत्येक कटर आपापल्या होल्डरमध्ये कायमचा आवळलेला असेल, तर होल्डर स्पिंडलच्या टेपरमध्ये बसतो तिथेच पुन्हा बसतो आणि फरकाची यादी महिनोनमहिने टिकते. टेपरवर चिपचा कण राहू देऊ नये, एवढेच पथ्य. पण गाळ्यात कटर आठ आणि कोलेट चक एक. कटर हाताने सरकवायचा, आवळायचा, काढायचा, पुन्हा सरकवायचा. दर वेळी तो वेगळ्या लांबीवर धरला जातो आणि मशीनच्या हेडवर मार्करने लिहिलेली यादी त्याच क्षणी इतिहासात जमा होते. ५ मायक्रॉनची पट्टी, सिगारेटचा कागद, श्वास रोखून घेतलेला टच, आणि शेवटी दोन मिलिमीटर इकडेतिकडे आवळलेला शँक. होल्डर घ्या म्हटले तर शेठ विचारतो, 'मग डीआरओ कशाला घेतला?' प्रश्न दिसतो तितका मूर्ख नाही.

दुसरा पेच पट्टीच्या जागेचा. झेडची पट्टी नीला लावलेली असेल, म्हणजे टेबल ज्या गुडघ्यावर उभे असते त्याला, तर क्विल, म्हणजे स्पिंडलला घेऊन खालीवर होणारी नळी, खाली ओढलेली डबीला कळतच नाही. क्विलला लावली तर टेबल कळत नाही. दोन पट्ट्या लावून बेरीज दाखवणारे डीआरओ मिळतात. बोईसरात सर्वमान्य उपाय असा, की क्विल पूर्ण वर घेऊन लॉक करायची आणि सेकंड शिफ्टवाल्याने ती सोडली नसेल अशी श्रद्धा ठेवायची. नीचा लॉक आवळतानाही आकडा थोडा हलतो. म्हणून टच लॉक आवळूनच वाचावा.

उरला चिन्हविचार. टेबल वर जाणे हे प्लस धरले, तर प्रमुख कटरपेक्षा १२.३४० ने लांब असलेला कटर टेबल तितके खाली असतानाच टेकतो, म्हणजे फरक उणे १२.३४०. डबीच्या सेटिंगमध्ये दिशा उलटी करता येते, आणि शेजारच्या गाळ्यात ती केलेली असते. एकच कटर एका भिंतीच्या दोन बाजूंना धन आणि ऋण दोन्ही असू शकतो. उणेच्या जागी अधिक धरले तर चूक १२.३४० ची होत नाही, २४.६८० ची होते, आणि ती जॉबमध्ये होते. शेजारच्या गाळ्यातून नव्याने आलेल्या हेल्परने यादी वाचत हा प्रश्न रीतसर विचारला होता.

'उस्ताद, हे चार नंबरचं प्लस घ्यायचं का मायनस?'

'तू आधी टेबल खाली घे रे. मग सांगतो.'