नट, फड आणि लाल वही

आमच्या कंपनीत गेल्या पाडव्याला नवं सॉफ्टवेअर आलं. नारळ फुटला, केक कापला गेला, प्रत्येकाला एक टी-शर्ट आणि पिळायला एक रबरी चेंडू मिळाला. चेंडू कशासाठी, ते पुढच्या सोमवारी कळलं.

स्टोअरमधले काका तेव्हापासून एकच माल तीनदा लिहितात. सकाळी लाल बांधणीच्या वहीत, दुपारी एक्सेलमध्ये आणि संध्याकाळी, सर्व्हरची कृपा झालीच तर, नव्या सिस्टिममध्ये. ‘वही खरी, एक्सेल कामाचं, सिस्टिम साहेबांची,’ असा त्यांचा हिशेब. आठ नंबरचा नट सिस्टिममध्ये चार नावांनी नांदतो: ‘नट ८’, ‘८ चा नट’, ‘नट मोठा’ आणि ‘नट नवीन’. चारही ठिकाणी शिल्लक शून्य. नट काकांच्या टेबलावर, बिस्किटांच्या डब्यात. डेमोत मात्र तो पहिल्या क्लिकला सापडला होता. डेमोतला माल नेहमी सापडतो आणि डेमोतला ग्राहक वेळेवर पैसे देतो.

साधी चप्पल घ्यायची तरी आपण पाय सोबत नेतो. कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेताना पाय गोडाऊनमध्ये राहतात आणि डोकी तेवढी पंचतारांकित हॉटेलात जेवायला जातात. तिथे विकायला असतं ते अभय. उद्या घोळ झालाच तर साहेबांना म्हणता आलं पाहिजे, ‘सगळे मोठे हेच वापरतात.’

रीत जुनीच आहे. ‘आयबीएम घेतलं म्हणून कुणाची नोकरी गेली नाही’ हे वाक्य या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलंय. जीन अॅमडाल आयबीएमचाच माणूस. १९७० साली बाहेर पडून त्याने स्वतःची कंपनी काढली आणि जुन्या घरच्या विक्रेत्यांचं कसब समोरून अनुभवलं. दुसऱ्याचा माल घेऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात धास्ती, अनिश्चितता आणि शंका पेरायची. या विद्येला इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ‘फड’ म्हणतात आणि हे नाव रूढ करण्याचं श्रेय अॅमडालला देतात. आपल्याकडे फड तमाशाचा असतो. फार लांब गेले नाहीत ते.

आणि तमाशाच म्हटला तर मार्क बेनिऑफ. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत सीबेल या तेव्हाच्या दादा कंपनीचं ग्राहक संमेलन भरलं होतं. बेनिऑफच्या जेमतेम वर्षभराच्या सेल्सफोर्सने दाराशी भाड्याचे नट उभे केले (हे नट बरे लगेच सापडले). सॉफ्टवेअरचे दिवस भरले, अशा अर्थाच्या पाट्या, घोषणा, वर खोटी टीव्हीवाली मंडळी. सीबेलवाल्यांनी पोलीस बोलावले, म्हणजे निम्मी जाहिरात त्यांनीच करून दिली. पुढे फ्रान्समध्ये कानला सीबेलचा मेळा भरला, तेव्हा सेल्सफोर्सने नीस विमानतळावरच्या टॅक्स्याच भाड्याने घेऊन टाकल्या. पाहुणे यजमानाच्या मांडवात पोचायच्या आत वाटेतच प्रवचन उरकलेलं.

‘सॉफ्टवेअर’ या शब्दावर लाल काट मारणारी ही कंपनी विकत काय होती? सॉफ्टवेअरच, फक्त भाड्याने. माल बरा होता, नाही असं नाही. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, लागा कामाला. पण बरा माल घेऊन कोपऱ्यात बसलेले तेव्हाही पुष्कळ होते. सीबेलला शेवटी ओरॅकलने ५.८५ अब्ज डॉलरला घेतलं. बेनिऑफ आणि टॉम सीबेल, दोघंही मूळचे ओरॅकलचेच. एकाच तालमीतले.

आमच्याकडे टॅक्सी नाही आली, कॅमेरा आला. गेल्या महिन्यात विक्रेत्याची माणसं आमची ‘यशोगाथा’ चित्रित करायला हजर. काकांना तो टी-शर्ट चढवला, स्क्रीनसमोर बसवलं आणि म्हणाले, ‘वही तेवढी बाजूला घ्या.’ काकांनी ती मांडीखाली घेतली. परवा आम्ही व्हिडिओ पाहिला. मागे सतार वाजतेय, काका मॉनिटरकडे बघून हसतायत. त्या हॉटेलात नव्या गिऱ्हाइकांना जेवणाआधी हाच दाखवतात म्हणे. नीट पाहिलं तर काकांच्या मांडीखालून लाल बांधणीचा एक कोपरा दिसतो.