नव्या तांदळाची सुशी

पुण्यात नोकरीला गेलेला नातू पूर्वी दिवाळीला घरी येताना बाकरवडी आणायचा. आता त्याच्या बॅगेतून काळ्या पातळ पानांचं पाकीट निघतं, एक हिरवी ट्यूब निघते, सोया सॉसची बाटली निघते. मग तो जाहीर करतो, ‘‘आजी, आज तुला सुट्टी. रात्री सुशी!’’ असा एक तरी नातू वरोऱ्याच्या कुठल्याही आळीत सापडावा. आजीची सुट्टी ही अर्थातच थाप. पाव तासात ‘‘आजी, चाळणी कुठंय?’’ सुरू होतं आणि आजी पदर खोचून ओट्यापाशी हजर होते.

आजीचा पहिला प्रश्न अख्खं जग विचारतं तोच : ‘‘कच्चीच खातेत काय रे मासोई?’’ दुसरा प्रश्न तिचा स्वतःचा : ‘‘अन् आणली कुठून?’’

हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा. वरोऱ्याहून कुठलाही समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचेकशे किलोमीटर लांब. कोळशापायी या गावाला एकोणिसाव्या शतकातच रेल्वे आली, पण समुद्र काही तिच्यामागून आला नाही. राहिली गोड्या पाण्यातली मासळी. मरळ असो की रोहू, कितीही फडफडीत असली तरी ती कच्ची खायची नाही, कारण तिच्यात परजीवी असू शकतात. अमेरिकेतल्या नियमानुसार कच्चा खायचा बहुतेक मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवून ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजरचा पल्ला उणे १८ च्या आसपास संपतो आणि तोही वीजमंडळाच्या मर्जीवर. तेव्हा कच्च्याचा विषय बंद.

नातवाचं तोंड उतरायचं कारण नाही. सुशीत कच्चा मासा लागतोच असं कुणी सांगितलं? लागतो तो आंबटगोड भात. जपानी सुशीवाले कोळंबी बहुधा उकडून घेतात, वाम भाजतात, अंड्याचं गोडसर आम्लेट ठेवतात आणि नुसत्या काकडीचीही गुंडाळी करतात. फोटोत मिरवणारा तो गुलाबी सामन तर अगदी अलीकडचा पाहुणा. परजीवींच्या धास्तीनं जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला पाळीव सामन खपवायला जपानात रीतसर मोहीम चालवली, तेव्हा कुठे तो भातावर चढला. उकडलेले झिंगे, अंडं आणि काकडी एवढ्यावर वरोऱ्याची सुशी बिनदिक्कत उभी राहते.

खरी लढाई भाताची.

वरोऱ्याच्या चंद्रपूर जिल्ह्याला तांदळाचं कौतुक शिकवायला नको. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात ‘पटेल ३’ धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, वाढवलं. पुढे एका व्यापाऱ्यानं त्या तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं : एचएमटी. दादाजी २०१८ साली गेले; त्यांचा तांदूळ आजही घरोघरी शिजतो. पण एचएमटीचा जो मोठा गुण, बारीक दाणा आणि मोकळा भात, तोच सुशीवाल्याच्या मुळावर येतो. त्याला दाण्याला दाणा चिकटलेला हवा. विदर्भात ज्या भातावरून नव्या सुनेला बोलणी बसावी, तो भात तिकडे हात जोडून मागतात.

इथे आजी कामाला येते. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून तो वर्षभर मुरवायचा, हा तिचा शिरस्ता. दिवाळीच्या तोंडावर निघालेला नवा तांदूळ कोपऱ्यातल्या पोत्यात पुढच्या वर्षाची वाट बघत असतो. नातवाला हवा तो नेमका हाच! जपानातही नव्या तांदळाला मान आहे. थोडं पाणी वाढवून तो शिजवायचा, गरम असतानाच परातीत काढून व्हिनेगर, साखर, मीठ शिंपडायचं आणि न चेचता, उलथन्यानं कापल्यागत कालवायचं. एकानं कालवायचं, दुसऱ्यानं वारा घालायचा, म्हणजे वाफ निघून जाते आणि दाण्याला चकाकी येते. ‘‘थंडीत भाताले वारा काहून घालून राह्यला बे?’’ असं आजोबा सोफ्यावरून विचारतात. उत्तर कुणी देत नाही, कारण पुठ्ठा हलवताना नातवाचा हात भरून आलेला असतो.

गुंडाळायला बांबूची चटई लागते. बांबूच्या जिल्ह्यात, चिचपल्लीला बांबूचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र असताना, ती ऑनलाइन मागवली असेल तर नातवाला चार शब्द ऐकवावेत. काळी पानं मात्र मागवावीच लागतात. ती नोरी, समुद्री शेवाळाची. या शेवाळाचं बीज उन्हाळ्यात कुठे दडून बसतं हे जपानी शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं. शिंपल्यांत, हे इंग्लंडच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ साली दाखवलं आणि नोरीची शेती भरवशाची झाली. त्याच साली वरोऱ्यात बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली. दोन्हींचा काडीचा संबंध नाही, पण १९४९ म्हटल्यावर वरोरेकर समितीच्या आनंदवनाचं नाव काढल्यावाचून राहत नाही.

पानाची खरबरीत बाजू वर. ओल्या बोटांनी भात पसरायचा, पलीकडची बोटभर कड मोकळी सोडायची, मधे झिंगे आणि काकडी. नातवाची पहिली गुंडाळी पोटातून फुटते. आजी ‘‘सरक’’ म्हणते. धोप्याच्या पानांच्या वड्या वळण्यात जिची हयात गेली, तिला हे काय अवघड? सुरी दर कापाला ओल्या फडक्यानं पुसायची, हेसुद्धा तिला सांगावं लागत नाही.

आणि तिनं परकेपणा मानायचं कारणही नाही. सुशीचं मूळ भाताच्या खाचरांत आणि गोड्या पाण्यात आहे. आग्नेय आशियातले लोक मीठ लावलेले मासे शिजल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवत. भात आंबून जाई, मासा टिके. मग मासा खायचा, भात फेकायचा. जपानात बिवा सरोवराकाठी या जातीची फुनाझुशी अजून मुरवतात. बोटानं दाबलेल्या भातावर मासा ठेवायची शहरी घाई तोक्योत, म्हणजे तेव्हाच्या एदोत, १८२० च्या दशकातली. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या धान-बोड्यांच्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. भात फेकण्याचा भाग सोडून.

जेवताना आजोबा गोत्यात येतात. हिरव्या ट्यूबवर वसाबी लिहिलेलं असतं. आत बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. मिरची जिभेला धरून बसते, हे द्रव्य वाफ होऊन थेट नाकात चढतं. सावजीची तर्री रिचवणारे आजोबा चमचाभर घेतात, ‘‘यात काय हाय बाप्पा’’ म्हणेपर्यंत डोळ्यांतून धारा, आणि मिनिटभरात सगळं शांत. मग ते पुन्हा घेतात.

उरलेले तुकडे फ्रीजमध्ये ठेवले की भात रात्रीतून टणक होतो. जपान्यांचाही तो होतो. सकाळी आजी ते कुस्करून मोहरी, कढीपत्ता, हिरव्या मिरचीची फोडणी देते. नातू ‘‘अगं, हे काय!’’ म्हणतो आणि दोन ताटल्या खातो. उरलेली नोरी ती पापडाच्या डब्यात टाकते. सादळली तर गॅसवर शेकून घेता येते.