अपमान गावाचा आणि माणसाचा

'अलिबागसे आया है क्या?' हे वाक्य ऐकलं की आपल्या तालुक्यातल्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरचा बावळट आहे, त्याला काही कळत नाही, एवढंच सांगायला मुंबईकर आपल्या गावाचं नाव वापरतात. सातिर्जे गावातल्या एका रहिवाशाने याविरुद्ध थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा न्यायालयाचा सूर होता. आपल्याकडे पुष्कळांना तो रुचला नाही. मलाही नाही रुचला.

पण मग मनाचा आजार असलेल्या माणसाविषयी आपल्या थळ गावच्या नाक्यावर आपण काय बोलतो? 'ह्याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात टाका.' 'येरवड्याहून सुटलाय काय?' 'त्यांच्या घरात आहे ते, मुलगी देऊ नका.' अलिबागच्या नावाचा विनोद झाला तर कुणाचं लग्न मोडत नाही, नोकरी जात नाही. ही वाक्यं मात्र लग्नं मोडतात. गावाच्या अब्रूसाठी कोर्टाची पायरी चढायची आणि शेजारच्या घरातल्या आजारी माणसाची अब्रू रोज चव्हाट्यावर काढायची, हे मला पटत नाही आणि कुणालाच पटू नये.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. देशातल्या साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला उपचारांची गरज भासावी असा त्रास होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. थळची कुठलीही आळी घ्या, तिथे असं माणूस असणारच. ते आपल्याला दिसत नाही, कारण लपवायला आपणच त्याला शिकवलंय.

लपवणं कसं चालतं, ते जवळून बघा. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या पाकिटातून फोडून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरायच्या, म्हणजे पाहुण्याला नाव वाचता येणार नाही. कुणी विचारलंच तर शुगरच्या आहेत म्हणायचं. सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली, हे आठवड्यात विसरायला होतं. अलिबागचं जिल्हा रुग्णालय हाकेवर, पण तिथल्या बाकावर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मांडव्याहून लाँच पकडून मुंबई गाठायची. दिवसाची मजुरी बुडते, भाडं जातं. दुसऱ्या खेपेला पैसे नसतात, तिसरी खेप होतच नाही. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात आणि थांबवायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू कमी करत. इथे त्या दहाव्या दिवशी तुटतात, त्रास उलटतो आणि आळीत बोभाटा होतो, 'काही उपयोग नसतो त्या गोळ्यांचा.' गोळ्यांना दोष देऊ नका. औषध तोडलं ते आपल्या जिभेने.

देवाधर्माविषयीही स्पष्ट बोलतो. खांदेरीच्या वेताळाला नवस बोला, नारळ द्या, माझी काही हरकत नाही. संकटात माणसाला आधार लागतो आणि श्रद्धा तो देते. पण नवस बोलून आल्यावर डॉक्टरकडेही जा. आणि 'बाहेरचं आहे' म्हणून कुणी मारझोड करत असेल, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे गप्प बसू नका.

आपल्याच जिल्ह्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा फाउंडेशनचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, केसांच्या जटा झालेल्या, स्वतःचं नावही सांगू न शकणाऱ्या माणसांना तिथे आणतात, औषधोपचार करतात आणि बरं वाटलं की त्यांचं घर शोधून पोचवतात, मग ते घर कितीही दूरच्या राज्यात असो. या कामासाठी वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरचं बेवारस माणूस उपचारांनी बरं होऊन आपल्या गावी परत जातं, हे रायगडात घडतंय. मग घरात, आपल्या माणसांत असलेल्याला काय अशक्य आहे?

रोजच्या ताणाचं तर कुणी नावच काढत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पत्र्यांचे पंचनामे झाले, नारळी-पोफळींचे झाले, होड्यांचे झाले. त्यानंतर वारा जोरात सुटला की ज्यांची रात्रीची झोप उडते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. बंदरावर दिवसभर चारचौघं जाळी शिवत बसतात. डिझेलचा भाव निघतो, सुरमईचा भाव निघतो, हंगाम बुडाला तर तेही मोकळेपणाने निघतं. महिनाभर झोप नाही, हे मात्र कुणी बोलत नाही. ते रात्री बाटलीपाशी जातं. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडकी होते. सकाळी मन आणखी खाली जातं आणि संध्याकाळी पुन्हा बाटली लागते. बायकांना तर तेवढीही सवलत नाही. पहाटे मासळीची पाटी, दुपारी घर, वर 'तुला काय झालंय, नाटकं करतेस' हे ऐकून घ्यायचं.

कायदा आपल्या पुढे गेलाय. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क मानतो. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून नाही, तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून बघायला सांगतो. 2022 पासून टेलिमानसची 14416 ही हेल्पलाइन चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून. थळमधल्या किती जणांच्या फोनमध्ये हा नंबर आहे?

म्हणून ग्रामपंचायतीकडे आणि मच्छीमार सोसायट्यांकडे माझी सरळ मागणी आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर, माणसं घरी, हातात पैसा नाही आणि वेळ जाता जात नाही. मन ढासळतं ते याच दोन महिन्यांत. बंदीची सूचना ज्या फळ्यावर लागते, त्याच फळ्यावर ठळक अक्षरांत 14416 लिहा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात थळला बोलवा. शिबिर देवळाच्या सभामंडपात घ्या, बंद खोलीत नको. बीपी आणि शुगर त्याच टेबलावर तपासा, म्हणजे रांगेत कोण कशाला उभा आहे याची चर्चा होणार नाही. आणि रांगेत पहिले उभे राहा सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन.